उजव्या पायात गिअर असलेली गाडी

जुन्या बुलेटला नुसत्या ताकदीने किक मारली की ती उलटी येते आणि पोटरी सोलून काढते. आधी किक हलकेच दाबत अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेशर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, किक पुन्हा वर घ्यायची आणि मग एकच दणका. पुढचा घोळ पायांचा: गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. हिरो होंडावर शिकलेला गडी पहिल्याच वळणावर ब्रेक समजून गिअर दाबतो.

ही तऱ्हा इंग्लंडातल्या रेडिचची. गाव सुयांसाठी नावाजलेलं. तिथल्या टाऊनसेंड यांचा सुयांवरून सायकलींकडे वळलेला कारखाना १८९१ मध्ये अल्बर्ट ईडी आणि रॉबर्ट वॉकर स्मिथ यांनी घेतला. एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवायचं काम मिळालं, त्यावरून 'रॉयल एनफिल्ड' हे नाव पडलं. पहिली मोटारसायकल १९०१ ची, बुलेट तिशीच्या दशकातली.

आपल्या लष्कराला सरहद्दीच्या गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती. तिची मागणी मद्रास मोटर्सकडे आली आणि १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. दोन वर्षांनी साचे आणि अवजारंही इंग्लंडातून आली. पुढे १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना मिटला, १९७० मध्ये इंग्लंडातलं उत्पादनच थांबलं. मद्रासला मात्र ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं तेच ३४६ सीसी इंजिन पुढची कित्येक दशकं निघत राहिलं. याला परंपरेचं प्रेम म्हणणं भाबडेपणाचं. परवान्यांच्या त्या काळात गिऱ्हाईकच नंबर लावून उभं असायचं. मॉडेल बदलायची गरज कोणाला होती?

सोनईसारख्या उसाच्या गावाला खरी शोभते ती बुलेटची डिझेल बहीण, टॉरस. मुळा सहकारी साखर कारखान्याच्या या पट्ट्यात ट्रॅक्टरसाठी डिझेलचा कॅन घरात असायचाच, त्यातलंच गाडीला. ३२५ सीसीचं ग्रीव्हज लोम्बार्डिनी इंजिन, ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती. वेगाचं नाव काढू नये, पण लिटरला सत्तरच्या घरात चालायची. हादरे असे, की नंबरप्लेटचे नटसुद्धा अधूनमधून आवळावे लागत. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टॉरस बंद पडली. कोणाच्या गोठ्याशेजारी उभी असेलच, तर तिच्या इंजिनासाठी शोरूमपेक्षा पंप-जनरेटरवाला मिस्त्री गाठलेला बरा.