पॉपायच्या शेजारचा माणूस

‘द फ्रेंच कनेक्शन’चं नाव निघालं की बोलणं दोन गोष्टींवर येऊन थांबतं. एक म्हणजे जीन हॅकमनने उभा केलेला डिटेक्टिव्ह पॉपाय डॉइल, आणि दुसरी ब्रुकलिनमधल्या उंचावरच्या रेल्वेमार्गाखाली झालेला मोटारीचा पाठलाग. दोन्हींचं कौतुक रास्त आहे. मात्र हा चित्रपट पुन्हा पाहताना माझं लक्ष डॉइलच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे जातं. बडी रूसो, टोपणनाव क्लाउडी, भूमिका रॉय शायडरची. तो कमी बोलतो, डॉइलच्या मागून चालतो, दरवाजा आधी डॉइलला उघडू देतो. या भूमिकेसाठी शायडरला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं, पुरस्कार नाही. माझ्या मते या चित्रपटाचा सगळा नैतिक भार या दुसऱ्या माणसावर आहे. तो कुठे हजर आहे आणि कुठे नाही, एवढं टिपत गेलं तरी चित्रपट वेगळा दिसू लागतो.

या जोडीमागे खरी माणसं होती. एडी ईगन आणि सनी ग्रोसो, दोघेही न्यू यॉर्क पोलिसांच्या अमली पदार्थ शाखेतले डिटेक्टिव्ह. ईगन आयरिश वंशाचा, मोठ्या आवाजाचा, अंगावर धावून जाणारा. ग्रोसो इटालियन वंशाचा, जपून पाऊल टाकणारा. पॉपाय हे ईगनचंच टोपणनाव. ग्रोसोला क्लाउडी म्हणत, कारण हाती घेतलेल्या कामात पुढे काय बिघडणार हे त्याला आधी दिसायचं. ऑक्टोबर १९६१ मध्ये एका रात्री काम आटोपून दोघे मॅनहॅटनमधल्या कोपाकबाना नाइटक्लबमध्ये बसले होते. जवळच्या टेबलावर एक तरुण पैसे उधळत होता आणि भोवतीची बडी मंडळी त्याला मान देत होती. खबऱ्याची टीप नव्हती, वरून हुकूम नव्हता. तरी दोघे त्याच्या मागे निघाले आणि सकाळी पाहतात तर हा पॅट्सी फुका ब्रुकलिनमध्ये सँडविच आणि वर्तमानपत्रं विकायचं एक छोटं दुकान उघडतोय. एवढ्याशा गल्ल्यावर असली रात्र परवडत नाही, हे समजायला पोलीस असण्याचीही गरज नव्हती.

तिथून महिनोन्‌महिने पाळत. धागा पोचला फ्रान्सच्या मार्सेय बंदरापर्यंत. तुर्कस्तानातली अफू, मार्सेयच्या आसपासच्या गुप्त भट्ट्यांत तिचं हेरॉइन, कॉर्सिकन टोळ्यांच्या हातून अटलांटिकपार रवानगी आणि न्यू यॉर्कमध्ये माफियाकडून वाटप, असा तो धंदा होता. जानेवारी १९६२ मध्ये झाक आंजेलव्हँ हा फ्रेंच टीव्हीवरचा लोकप्रिय सूत्रसंचालक आपली ब्युइक गाडी बोटीवर चढवून अमेरिकेत आला. प्रसिद्ध माणसाच्या गाडीकडे कोण संशयाने पाहणार, हा तस्करांचा हिशेब. या प्रकरणात जप्त झालेलं हेरॉइन ११२ पौंड, म्हणजे सुमारे ५१ किलो भरलं. आंजेलव्हँ तुरुंगात गेला. व्यवहाराचा फ्रेंच सूत्रधार झाँ झेआँ मात्र निसटला.

रॉबिन मूरने १९६९ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. अर्नेस्ट टायडिमनने पटकथा केली आणि दिग्दर्शनाला आला विल्यम फ्रीडकिन. तो माहितीपटांतून आलेला होता. १९६२ मध्ये शिकागोच्या तुरुंगातल्या पॉल क्रंप या फाशीच्या कैद्यावर त्याने केलेला माहितीपट गाजला होता. ती सवय त्याने इथे आणली. ओवेन रॉइझमनचं छायाचित्रण उपलब्ध उजेडात, खऱ्या बारमध्ये, खऱ्या गारठ्यात झालं. नट कुठून कुठे जाणार हे फ्रीडकिन कॅमेरा चालवणाऱ्या रिकी ब्राव्होला पुष्कळदा आधी सांगतच नसे. क्युबातल्या क्रांतीच्या काळात कॅमेरा चालवलेला हा माणूस मग घटनेमागे धावायचा. त्यामुळे कॅमेरा नेहमी क्षणभर उशिरा पोचतो, आणि पाळतीवरच्या माणसाचंही तसंच असतं.

हॅकमन आणि शायडर चित्रीकरणाआधी या दोन डिटेक्टिव्हांबरोबर हार्लेमच्या गस्तीवर फिरले. हॅकमनला जे दिसलं ते सोसवलं नाही. ईगनची शिवीगाळ, मारहाण, काळ्या लोकांशी बोलण्याची तऱ्हा त्याच्या अंगावर आली आणि सुरुवातीच्या दिवसांत भूमिका सोडायचं त्याच्या मनात होतं. ते अवघडलेपण पडद्यावर उतरलं आहे असं मला वाटतं. डॉइलचा क्रूरपणा आपल्याला आवडावा, असा प्रयत्न हॅकमन कुठेच करत नाही. ईगन आणि ग्रोसो दोघांनीही चित्रपटात छोटी कामं केली. ईगन झाला डॉइलचा वरिष्ठ अधिकारी. स्वतःच्याच प्रतिरूपाला तो पडद्यावर झापतो.

जोडी कशी काम करते, ते सुरुवातीच्या एका चौकशीत दिसतं. सांताक्लॉजच्या वेशातला डॉइल आणि हॉट डॉग विकणारा बनलेला रूसो एका भुरट्या विक्रेत्याला मोकळ्या जागेत गाठतात. रूसो सरळ विचारतो, माल कोणाकडून घेतोस. डॉइल मध्येच ओरडतो, पकिप्सी गावात बसून पायाची बोटं कोरली होतीस की नाही, कबूल कर. समोरच्याला या प्रश्नाचं डोकं ना शेपूट कळत नाही. तो भांबावतो, आणि मग रूसोचा साधा प्रश्न त्याला सुटकेसारखा वाटतो. ही युक्ती ईगन आणि ग्रोसोची स्वतःची. दोघांपैकी एक काढून घ्या, ती कोसळते. एकटा डॉइल नुसता हिंसक उरेल, एकट्या रूसोला कोणी उत्तर देणार नाही.

आता रूसो नसलेले प्रसंग पाहा. भुयारी रेल्वेत फ्रेंच तस्कर शार्निए छत्रीच्या टोकाने मिटणारं दार अडवून डॉइलला चकवतो. डॉइल एकटा. मग तो पाठलाग. मूळ प्रकरणात असं काही घडलंच नव्हतं. निर्माता फिलिप डँटोनीने आधी ‘बुलिट’ काढला होता आणि त्याच्यावर मात करणारा पाठलाग त्याला हवा होता. शार्निएचा मारेकरी निकोली वर धावत्या गाडीत आणि खाली रस्त्यावर एका वाटसरूची हिसकावलेली पाँटिॲक घेऊन डॉइल. काही भागासाठी स्टंट चालक बिल हिकमनने भर रहदारीतून २६ चौक भरधाव गाडी काढली आणि मागच्या सीटवरून फ्रीडकिनने स्वतः कॅमेरा चालवला, कारण बाकीच्यांना बायकामुलं होती. रेल्वे मिळवण्यासाठी एका अधिकाऱ्याला ४० हजार डॉलर आणि जमैकाचं एकेरी तिकीट दिल्याचं फ्रीडकिन पुढे उघड सांगत असे. पोलिसांच्या भ्रष्टाचाराच्या छायेतला हा चित्रपट असा लाच देऊन पुरा झाला, हे मला हसण्यावारी नेता येत नाही. रस्त्यावरच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं.

या पाठलागाखाली संगीत नाही. इंजिन, ब्रेक, हॉर्न, रुळांचा खडखडाट, एवढंच. संकलक जेराल्ड ग्रीनबर्गला मिळालेलं ऑस्कर या दहाएक मिनिटांसाठीच द्यावं असं काम आहे. शेवटी निकोली निःशस्त्र होऊन स्थानकाचा जिना उतरतो, खाली डॉइल दिसताच वळतो आणि डॉइल त्याच्या पाठीत गोळी घालतो. चित्रपटाच्या जाहिरातीवर हाच क्षण छापला होता. प्रेक्षक टाळ्या वाजवत. त्या वेळी शेजारी रूसो असता तर गोळी सुटली नसती, असा माझा दावा नाही. पण आतापर्यंत डॉइलच्या बहुतेक कृतींना एक पाहणारा होता, आणि तो नसताना डॉइल काय होतो ते इथे कळतं.

ऑक्टोबर १९७१ मध्ये चित्रपट झळकला. त्याच महिन्यात न्यू यॉर्कमध्ये नॅप आयोगाच्या जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. फ्रँक सर्पिको आणि डेव्हिड डर्क या दोन पोलिसांनी खात्यातली हप्तेबाजी ‘न्यू यॉर्क टाइम्स’पर्यंत नेल्यावर, १९७० मध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी हा आयोग नेमला होता. फेब्रुवारी १९७१ मध्ये एका छाप्यात सर्पिकोच्या तोंडावर गोळी लागली, आणि बरोबरचे पोलीस मदतीला का आले नाहीत हा प्रश्न तो पुढे आयुष्यभर विचारत राहिला. शहरात तेव्हा पोलिसाच्या जोडीदाराविषयी हाच वाद चालू होता: शेजारचा माणूस गैर करताना दिसला तर आपण काय करायचं?

चित्रपटाचा शेवट या प्रश्नावरच येऊन ठेपतो. पडक्या इमारतीत शार्निएचा माग काढताना डॉइल एका सावलीवर गोळ्या झाडतो. ती सावली असते मल्डरिग या फेडरल अधिकाऱ्याची, ज्याच्याशी डॉइलचं पहिल्यापासून वैर आहे. (मल्डरिगची भूमिका केली आहे त्याच बिल हिकमनने, ज्याने पाठलागात गाडी चालवली.) रूसो वाकून पाहतो, हादरतो, काय झालं ते सांगतो. डॉइल पिस्तुलात गोळ्या भरतो आणि अंधारात पुढे जातो. त्या काही सेकंदांत शायडरच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा. तो ओरडत नाही, अडवत नाही, मागेही जात नाही. पुढे एक गोळी वाजते आणि पडद्यावर मजकूर येतो. कुणावरचा खटला पुराव्याअभावी बारगळला, कुणाची शिक्षा सौम्य झाली, शार्निए कधीच सापडला नाही, डॉइल आणि रूसो यांची अमली पदार्थ शाखेतून बदली झाली. मल्डरिगबद्दल रूसोने चौकशीत काय सांगितलं, याचा उल्लेख नाही. तो मुद्दामच गाळला आहे असं मी मानतो.

एप्रिल १९७२ मध्ये चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोलिसांच्या मुद्देमालाच्या गोदामातून बातमी बाहेर आली. सीलबंद ठेवलेल्या हेरॉइनच्या पुड्यांना किडे लागले होते. हेरॉइनला असे किडे लागत नाहीत. तपासलं तर आत पीठ. गेल्या काही वर्षांत कुणीतरी बनावट सह्या करून, न्यायालयात दाखवायच्या बहाण्याने मुद्देमाल नेला होता आणि पीठ भरून परत ठेवला होता. मोजदाद संपली तेव्हा जवळजवळ ४०० पौंड हेरॉइन आणि कोकेन गायब असल्याचं निष्पन्न झालं. ईगन आणि ग्रोसो यांनी पकडून दिलेला माल त्यातच गेला होता. इतक्या रात्री थंडीत उभं राहून शहराबाहेर खेचलेलं विष पोलिसांच्याच दारातून पुन्हा शहरात गेलं. चित्रपटाचा उदास शेवट काही समीक्षकांना तेव्हा ओढूनताणून आणलेला वाटला असेल, तर त्यांना एवढी एकच बातमी पुरली असती.

२०२३ मध्ये एक वेगळी चोरी झाली. काही डिजिटल माध्यमांवर दाखवल्या जाणाऱ्या प्रतीतून सुरुवातीच्या एका प्रसंगाचा तुकडा कापलेला प्रेक्षकांच्या लक्षात आला. हाताला जखम झालेला रूसो आणि डॉइल ठाण्यात बोलत आहेत. डॉइल काळ्या लोकांबद्दल एक घाणेरडा शब्द उच्चारतो. रूसो सुचवतो की हल्लेखोर गोराही असू शकला असता. शब्द घाणेरडा आहे यात शंका नाही. पण तो गाळताना रूसोचा शांत प्रतिवादही गेला. डॉइल कसा माणूस आहे आणि रूसोला ते पुरेपूर ठाऊक आहे, हे प्रेक्षकाला पहिल्यांदा तिथेच समजतं. त्या माहितीसह तो संध्याकाळी त्याच्याबरोबर दारू प्यायला जातो. ही कात्री डॉइलला सभ्य करते आणि रूसोची जबाबदारी पुसून टाकते. मला हे अक्षम्य वाटतं.

पुढे दोन पोलिसांच्या जोडीचे चित्रपट हॉलिवूडचा हमखास धंदा झाले. ‘लेथल वेपन’सारख्या चित्रपटांत दोघे भांडतात, थट्टा करतात, शेवटी एकमेकांसाठी गोळी झेलतात. मला ते आवडतात. पण मैत्रीने सगळं धुऊन निघतं ही त्यांतली खात्री ‘फ्रेंच कनेक्शन’मध्ये औषधालाही नाही.

१९७५ मध्ये जॉन फ्रँकनहायमरने दुसरा भाग केला. डॉइल शार्निएला शोधत मार्सेयला जातो, आणि या वेळी रूसो बरोबर नाही. तस्कर डॉइलला पकडून जबरदस्तीने हेरॉइनचं व्यसन लावतात. सुटका झाल्यावर कोठडीत ते उतरवताना तो बेसबॉलबद्दल, मिकी मँटलबद्दल, आपण एकेकाळी यांकीज संघाच्या निवड चाचणीत खेळलो होतो त्याबद्दल बडबडत राहतो. समोर बसलेला फ्रेंच इन्स्पेक्टर बार्तेलेमी भला माणूस आहे आणि लक्ष देऊन ऐकतो, पण त्याला बेसबॉल माहीत नाही, मँटल माहीत नाही. डॉइल रडकुंडीला येतो आणि तरीही समजावून सांगत राहतो.