मंद आचेचे यंत्र आणि करीचे मटण

पोळ्याचा दुसरा दिवस, ज्याला नागपूर-वऱ्हाडकडचा मुलूख ‘कर’ म्हणतो, तो पांढुर्ण्यात गोटमारीमुळे, म्हणजे जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांनी एकमेकांवर दगड फेकण्याच्या त्या क्रूर प्रथेमुळे, दरसाल वर्तमानपत्रांत गाजतो; परंतु त्याच दिवशी मांसाहारी घरांतून मटणाचा जो गंज चुलीवर चढतो, त्याची दखल कोणी बातमीदार घेत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा ज्यात होते तो छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्याच पांढुर्णा व सौसर या तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा झाला. मात्र या सर्व सरकारी हुकुमांचा अंमल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच चालला, आणि रश्श्यावरची तर्री नागपूरकडचीच राहिली.

या मुलखातील एखाद्या गृहिणीस परदेशी असलेला मुलगा ‘स्लो कुकर’ नावाचे विजेचे भांडे आणून देतो आणि त्यात तिकडे डुकराच्या खांद्याचे मांस आठ-दहा तास शिजवून, काट्याने उकलून, पावात घालून खातात असे सांगतो, तेव्हा तिला त्यात नवल ते कोणते वाटावे? डुकराचे मांस गोव्याच्या ख्रिस्ती घरांत सन्मानाने शिजते, आपल्याकडे सहसा नाही, एवढाच काय तो भेद. बाकी विद्या तिच्या परिचयाची आहे.

ती विद्या अशी. जनावराचा जो भाग अधिक राबतो, म्हणजे खांदा वा पाय, त्यात स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन विपुल असते, आणि म्हणून तो चिवट लागतो. मांस साठ-पासष्ट अंश सेल्सिअसपर्यंत तापले की तंतू आकसून पाणी सोडू लागतात, आणि येथेच घाई करणारा फसतो. कारण सत्तर अंशांच्या पुढे कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन होऊ लागते खरे, परंतु त्या क्रियेला तासांचा अवधी लागतो. तो मिळाला म्हणजे कोरडे झालेले तंतू जिलेटिनाने पुन्हा माखले जातात आणि नुसत्या काट्याच्या स्पर्शाने सुटतात. प्रेशर कुकर सुमारे एकशेवीस अंशांवर हेच काम तासाभराच्या आत उरकतो, त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पण दोन शिट्ट्या अधिक झाल्या की मांसाचा चोथा होतो, मंद आचेवर अर्धा तास इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

स्लो कुकरचा जन्म मोठा मनोवेधक आहे. आयर्विंग नॅक्सन या अमेरिकन ज्यू संशोधकाला त्याचे पेटंट १९४० मध्ये मिळाले. शब्बाथच्या दिवशी अग्नी पेटवणे निषिद्ध, म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी भट्टीत ठेवलेले ‘चोलंट’ हे कालवण दुसऱ्या दिवशी दुपारी खाण्याची लिथुआनियातील चाल त्याने आपल्या आईकडून ऐकली होती. रायव्हल कंपनीने ते १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. ज्या धर्मात डुक्कर वर्ज्य, त्या धर्माच्या आचारातून निघालेल्या भांड्यात आज अमेरिका डुकराचा खांदाही शिजवते, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

आता करीच्या मटणाची कृती. जून बोकडाचा फरा हाडासकट घ्यावा. कोवळ्या मटणावर हे यंत्र खर्ची घालणे व्यर्थ आहे. कांदा, खोबरे, धने, खसखस, दगडफूल यांचा मसाला आधी गॅसवर तेलात, जवसाचे मिळाल्यास उत्तमच, काळपट होईपर्यंत परतावा आणि मांसही त्यात खरपूस भाजून घ्यावे, कारण हा खमंगपणा एकशेचाळीस अंशांच्या वरच निपजतो आणि स्लो कुकर शंभराच्या वर जात नाही. हा त्याचा मोठा उणेपणा आहे. पाणी नेहमीच्या पावपट घालावे, कारण झाकणाखालून वाफ फारशी निसटत नाही. मंद आचेवर सात-आठ तास ठेवावे आणि झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा; प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटांची ऊब जाते. शेवटी हाडे काढून मांस दोन काट्यांनी उकलावे, रस उघड्या गंजात आटवून त्यावर ओतावा आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढावे. कोणाला डुकराचेच करायचे असेल, तर खांद्याला मीठ, गूळ, मिरे व तिखट चोळून थोडा सिरका घालावा आणि अवधी दहा तासांपर्यंत न्यावा.

दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. गोठलेले मांस भांड्यात थेट टाकू नये. दुसरे पथ्य विजेचे: शिजणे सुरू असता ती गेली, तर अन्न पाच ते साठ अंशांच्या मध्ये रेंगाळते आणि जंतूंना नेमकी तीच ऊब मानवते, तेव्हा वीज येण्याची वाट न पाहता सगळे गंजात ओतून गॅसवर किंवा, घरी असलीच तर, चुलीवर चढवावे, आणि वीज केव्हा गेली हे ठाऊक नसेल तर ते अन्न टाकून द्यावे.