भिंतीपासून दोन हात

लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या बाजूला माझ्या मावशीचं घर आहे. नदीच्या नावात चूल आहे हे तिथं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं, मलाच दरवेळी त्याची गंमत वाटते. घर कवेलूंचं. समोर सपरी, मागे स्वयंपाकाची खोली. त्या खोलीची मागची भिंत कुडाची आहे: आत बांबूचा तट्टा, दोन्ही अंगांनी माती, तणस आणि शेणाचा लेप. बोटाने ठोकली तर पोकळ वाजते.

गेल्या हिवाळ्यात मावसभावाने आठवडी बाजारातून पत्र्याची चूल आणली. मातीची जुनी चूल एका बाजूने खचली होती. त्याने ती उकरून काढली आणि नवी नेमक्या त्याच खुणेवर बसवली. भात लवकर शिजू लागला, लाकूडही कमी लागू लागलं, सूनबाई खूश. काही महिन्यांनी, पावसाळ्यात मी गेलो तेव्हा मावशी चुलीमागच्या भिंतीला तळहात लावून उभी होती. लगेच हात मागे घेतला.

"पोरते," ती म्हणाली. "इले दोन हात लागतीन, बापू. एका हातात नाई भागत."

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण अठरा इंच. मातीच्या चुलीला तिच्या हिशेबाने एक हात पुरतो, आणि त्या जागेला नावही आहे: भाणवस. चुलीमागचा तो मातीचा ओटा. त्यावर उतरवलेली भांडी, मिठाचं मडकं, कधी राखेचा गोळा. मला लहानपणी वाटायचं, भांडी ठेवायला म्हणून तो असतो. खरं काम वेगळंच आहे. भांडी कुठेही ठेवता येतात. भाणवस असली की चूल भिंतीला चिकटवताच येत नाही.

मातीच्या चुलीच्या कडा चांगल्या चार-पाच बोटं जाड असतात. जाळ समोरच्या तोंडातून आणि वरून बाहेर येतो, मागे त्याची धग फारशी पोचत नाही. पत्रा मात्र चहूबाजूंनी तापतो आणि समोर जे असेल त्यावर उष्णता फेकतो. जुनी खूण जुन्या चुलीची होती, हे भावाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नसतं.

मावशीने विळ्याच्या टोकाने भिंतीचा लेप थोडा खरवडला. आतल्या बांबूच्या पट्ट्या तपकिरी झाल्या होत्या, एक तर नखाने चुरली. लेप वरून धड दिसत होता. मातीचा थर उष्णता अडवत नाही, उशिरा पोचवतो एवढंच. रोज दोन वेळचा जाळ, मग ती धग बांबूत मुरते. कोरडं लाकूड पेट घ्यायला अडीचशे-तीनशे अंश तापमान लागतं खरं, पण महिनोन्‌महिने भाजत राहिलेलं लाकूड हळूहळू कोळशाच्या जातीचं होतं, आणि त्याला तेवढी उष्णता लागत नाही. म्हणून अशी आग पहिल्या दिवशी लागत नाही. सगळं सवयीचं झालं की लागते.

अमेरिकेत लाकडाच्या शेगड्यांसाठी जे नियम आहेत, त्यात प्रमाणित नसलेल्या लोखंडी शेगडीपासून जळू शकणाऱ्या भिंतीपर्यंत ३६ इंच जागा सोडायला सांगितली आहे. मावशीचे दोन हात! हा योगायोग मी तिला सांगितला. तिला त्यात नवल वाटलं नाही.

खोलीत दोन हात जागा सोडली तर चूल थेट दाराच्या वाटेत येत होती. मग भावाने उरलेला टिनाचा पत्रा आणला आणि भिंतीवर खिळ्यांनी ठोकायला घेतला. इथे मी मध्ये पडलो. भिंतीला चिकटलेला पत्रा तापतो आणि धग सरळ भिंतीला देतो. पत्रा भिंतीपासून इंचभर सुटा, खालून-वरून मोकळा ठेवला तर मधल्या फटीतून हवा वर वाहते आणि धग घेऊन जाते. अशा आडोशाने ते ३६ इंच १२ पर्यंत आणता येतात. आम्ही विटांचे तुकडे खाली ठेवून पत्रा उभा केला, वर दोन तारांनी लाकडी चौकटीला सुटा बांधला आणि चूल भिंतीपासून हातभर पुढे सरकवली. मावशीला पत्रा पटला, फट पटली नाही. "उंदीर जातीन त्यातून," एवढंच म्हणाली.

छपराचा प्रश्न तेव्हा आला नाही, कारण या चुलीला धुराडं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत घडलेल्या मगन चुलीपासून पुढच्या बऱ्याच सुधारित चुलींना ते असतं, आणि जुन्या घरात ते कवेलूंमधून बाहेर काढताना आजूबाजूच्या बांबूच्या कमच्या धुराड्यापासून चांगल्या मागे कापाव्या लागतात. पुष्कळदा त्या तशाच राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पत्र्याच्या आणि चुलीच्या मधल्या मोकळ्या जागेत ओली लाकडं रचून ठेवलेली. सूनबाईचाही दोष नव्हता. आषाढात लाकडं सुकवायला घरात तेवढीच उबदार जागा. मावशीने एकेक करून ती ओढून सपरीत टाकली, पुन्हा पत्र्यामागे हात घालून भिंतीला लावला, आणि हात तिथंच ठेवून सुनेला म्हणाली, "आता लाखोरीची डार टाक."