वाढतें वजन आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या

मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर पूर्वीं वजनाचीं यंत्रें उभीं असत. नाणें टाकलें म्हणजे पुठ्ठ्याचें तिकीट बाहेर पडे. एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस भविष्य! ठाण्याचा वा डोंबिवलीचा चाकरमानी भविष्य वाचून खूष होई आणि आंकडा विसरून गाडी गांठी. वास्तविक भविष्य होतें तें त्या आंकड्यांतच. मात्र तेंहि अपुरें. देहांत चरबी किती आणि ती किती वर्षांची, हें असा कांटा सांगत नाहीं. आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांना नेमकें तेंच जाणवतें.

केशवाहिनी इतकी अरुंद असते कीं, मिलिमीटरच्या सात-आठ सहस्रांश व्यासाच्या रक्तपेशीला तींतून अंग चोरूनच जावें लागतें. तिच्याकडे रक्त सोडणाऱ्या धमनिका गरजेप्रमाणें सैल वा आवळ होतात. त्यांना सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायु त्यांच्याच अस्तरांत तयार होतो. त्याच्या कार्यावरील शोधांबद्दल तिघां शास्त्रज्ञांना १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पोटांत सांचलेल्या चरबींतून दाह वाढविणारीं द्रव्यें रक्तांत उतरतात, इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो आणि हा वायु कमी पडूं लागतो. धमनिका आवळलेल्या राहतात. असें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे त्यांच्या भिंती जाड होतात, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडांतील नाजूक जाळ्यांवर ताण पडून लघवींतून प्रथिन जाऊं लागतें. या काळांत बहुधा दुखत कांहींच नाहीं, हीच खरी फसगत.

‘आम्ही तर सडपातळ’ म्हणणाऱ्यांसाठीं पुण्याचें उदाहरण आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें स्वतःचींच मापें छापलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, पण चरबी युडकिन यांच्या देहांत शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या देहांत २१.२! भारतीयांसाठीं या निर्देशांकाची मर्यादा २५ ऐवजीं २३ धरतात ती उगाच नव्हे. पंचविशीपासून दरसाल अर्धा किलो चढत गेलेला माणूस पंचेचाळिशींत दहा किलोंनीं जड होतो, आणि आप्तेष्ट म्हणतात, ‘तब्येत सुधारली!’

या वाहिन्या चिरफाड न करतां सरळ पाहतां येतात त्या डोळ्याच्या पडद्यावर. स्थूल माणसांत तेथील धमनिका अरुंद व शिरिका रुंद झालेल्या आढळतात. वजन उतरविलें, चालणें वाढविलें, तर अस्तराचें काम बरेंच सुधारतें. जाड झालेली भिंत मात्र सावकाश, आणि कधीं अपुरीच, पूर्ववत् होते. मधुमेह जडला असल्यास वर्षांतून एकदां बाहुली औषधानें रुंद करून हा पडदा तपासतात. नंतर कांहीं तास जवळचें वाचतां येत नाहीं, म्हणून कल्याणहून ठाण्यास जाणाऱ्यानें सोबत घरचें माणूस न्यावें.