कीटकभक्षक वनस्पतींचा आहार

वनस्पती आपले अन्न स्वतःच तयार करतात, हे सर्वपरिचित आहे. मग काही वनस्पती कीटक पकडतात त्या कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर त्या ज्या जमिनीत वाढतात तिच्यात शोधावे लागते.

कीटकभक्षक वनस्पतींची पानेही हरितद्रव्याने युक्त असतात आणि सूर्यप्रकाशात त्या इतर वनस्पतींप्रमाणेच शर्करा बनवितात. परंतु प्रथिने घडविण्यास नायट्रोजन लागतो व तो बहुतेक वनस्पती मुळांवाटे घेतात. दलदलीत किंवा अतिवृष्टीने धुपलेल्या उतारांवर नायट्रोजन व फॉस्फरस यांचे क्षार फारच थोडे असतात. ही उणीव कीटकांच्या शरीरातील द्रव्यांनी भरून निघते.

मेघालयातील गारो, खासी व जैंतिया टेकड्यांवर वाढणारी घटपर्णी हे याचे उत्तम उदाहरण होय. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. तिच्या पानाचे टोक दोरीसारखे लांबते व त्याच्या शेवटी झाकण असलेला घट तयार होतो. घटाच्या तोंडाशी पाझरणाऱ्या मधुरसाच्या लोभाने मुंग्या व इतर कीटक येतात, निसरड्या कडेवरून आत घसरतात आणि मेणचट भिंतीमुळे त्यांना वर चढता येत नाही. तळाच्या द्रवातील विकरे त्यांची प्रथिने पचवितात व घटाची भिंत ती द्रव्ये शोषून घेते. झाकण कीटकावर मिटते, हा समज मात्र चुकीचा आहे. ते स्थिरच असते व पावसाचे पाणी अडविते.

अशा आहाराचा लाभ प्रयोगानेही सिद्ध झाला आहे. चार्ल्स डार्विन यांचा या वनस्पतींवरील ग्रंथ १८७५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८७८ साली असे दाखविले की, मांसाचे बारीक तुकडे मिळालेल्या दवबिंदूच्या रोपांना, तसे न मिळालेल्या रोपांपेक्षा पुष्कळ अधिक बी धरते.

तथापि हा सापळा महाग पडतो. घट प्रकाशाचा उपयोग सपाट पानाइतका चांगला करू शकत नाही. सुपीक जमिनीत जोमदार शेजारी वनस्पती वर वाढून घटपर्णीचा प्रकाश अडवितात. म्हणून निकस माती हाच तिचा आसरा ठरतो. खाणकाम, जंगलतोड आणि हौशी संग्राहकांनी केलेली उपटाउपट यांमुळे आज ही जाती संकटात आहे. निरुपयोगी मानल्या गेलेल्या त्या उतारांचे रक्षण झाले, तरच ती टिकेल.