वारीची शिस्त आणि डब्याची वाट

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेचे वाळवंट वैष्णवांच्या गर्दीने फुलून गेले आहे. ज्यांना पंढरीस जाणे घडले नाही, अशा मुंबईकर भाविकांची पावले पहाटेपासून वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराकडे वळली आहेत. बोरिवली-अंधेरीच्या आणि मुलुंड-घाटकोपरच्या लहानमोठ्या देवळांतूनही टाळमृदंगाचा गजर चालू आहे. या पुण्यदिनी वारीतील भक्तिरसाविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि ते उचितच आहे. परंतु त्या भक्तिरसाला वाट करून देणारी जी व्यवस्था वारीने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आज तिचे थोडे चिंतन करावे, असे योजिले आहे. कारण तीच व्यवस्था उपनगरातील आपल्या घरांच्या दाराशी रोज सकाळी येऊन उभी राहत आली आहे.

टाळ वाजत राहतो तेव्हा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले. लाखो माणसे, शेकडो दिंड्या, जवळजवळ तीन आठवड्यांची वाटचाल. आणि एवढ्या समुदायाला हाकणारा एकही अधिकारी नाही! प्रत्येक दिंडीचे स्थान मात्र ठरलेले असते. कोण रथापुढे, कोण रथामागे, याचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. दिंडीतही पताकावाले, टाळकरी, मृदंगी, वीणेकरी, डोईवर तुळस घेतलेल्या माउल्या, असा ज्याचा त्याचा ठाव असतो. निघण्याची वेळ कर्ण्याच्या नादाने कळते. कोणी कोणाला हाका मारीत फिरत नाही.

यांतील सर्वांत मनोज्ञ प्रसंग मुक्कामाच्या समाज आरतीचा. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात आणि चोपदार आपला चोप उंच करतात. त्या क्षणी हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र दिवसभरात ज्या दिंडीची काही अडचण झाली असेल, ती दिंडी आपले टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात आणि निवाडा करतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते आणि मग आरती होते. आजची अडचण उद्याच्या वाटेवर न्यायची नाही, असा हा दंडक आहे.

जपानच्या टोयोटा कारखान्यात विसाव्या शतकात एक पद्धत रूढ झाली आणि तिचा जगभर गौरव झाला. जुळणीच्या रांगेवर डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. कोणाही साध्या कामगाराला दोष दिसला, तर त्याने ती ओढावी. वरिष्ठ धावत येतात, आणि दोष निस्तरला नाही तर अख्खी रांग थांबते. ही कथा वाचताना आपल्या वारकऱ्याला नवल वाटणार नाही. टाळ वाजत ठेवण्याचा अधिकार त्याच्यापाशी त्याच्याही पूर्वीपासून आहे.

उपनगरातील दिंडी

मुंबईचे डबेवाले बहुतांशी पुणे जिल्ह्यातील मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले. ज्ञानोबांची आळंदी खेड तालुक्यातलीच. या मंडळींपैकी पुष्कळांच्या गळ्यात तुळशीची माळ असते. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा व्यवसाय संघटित रूपात सुरू केला आणि १९५६ साली त्यांच्या ट्रस्टची नोंद झाली. २००३ साली ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटले. २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्या कामावर अभ्यास प्रसिद्ध केला. पुष्कळांचे शिक्षण सातवी-आठवीच्या पलीकडे गेलेले नसते, तरीही हे काम इतके बिनचूक चालते कसे, याचा शोध घेण्यास विद्वान आले.

त्याचे उत्तर डब्याच्या झाकणावर आहे. तेथे नाव नसते, पूर्ण पत्ता नसतो. रंगाने काढलेल्या मोजक्या खुणा असतात. मधोमध ठळक आकडा म्हणजे डबा कोणत्या भागात पोहोचवायचा, त्याची खूण. कडेची अक्षरे व आकडे म्हणजे इमारत, मजला आणि तेथे डबा नेणारा माणूस. आणखी एक खूण डबा कोणत्या स्थानकातून निघाला हे सांगते. अंधेरीच्या फलाटावर डबे वेगळे करणाऱ्याला मजल्याशी कर्तव्य नाही. तो मधला आकडा पाहतो. चर्चगेटला उतरवून घेणाऱ्याला घर कोणाचे याच्याशी कर्तव्य नाही. तो कडेची अक्षरे पाहतो. पुढच्या हाताला जेवढे कळायला हवे, तेवढेच मागच्या हाताने स्पष्ट सांगायचे, हे त्या चार खुणांचे सारे शास्त्र होय.

बोरिवलीहून चर्चगेट सुमारे ३४ किलोमीटर. या वाटेवर एक डबा तीन-चार हातांतून, कधी त्याहूनही अधिक हातांतून जातो. वाटेवरची सर्वांत अरुंद जागा म्हणजे लोकलचा थांबा. मधल्या स्थानकावर गाडी वीसेक सेकंद थांबते, मोठ्या स्थानकावर चाळीसेक. तेवढ्यात लाकडी पाट्या लगेजच्या डब्यात चढल्या पाहिजेत. गाडी डबेवाल्यांसाठी थांबणार नाही. म्हणून बाकीचे सारे काम त्या वीस-चाळीस सेकंदांच्या सेवेस जुंपलेले असते. डब्यांची वाटणी गाडी येण्यापूर्वीच झालेली असते आणि पाटी दाराशी कोठे लागेल हे ठरलेले असते. वीस-पंचवीस जणांच्या प्रत्येक गटात मुकादमाच्या हाताशी दोन-तीन माणसे जादा असतात. एखादा गडी आजारी पडला वा वारीला गेला, तरी त्याच्या वाटचे डबे अडत नाहीत. ही जादा माणसे हिशेबी व्यापाऱ्याला उधळपट्टी वाटतील. वस्तुतः तोच या व्यवस्थेचा श्वास आहे.

पाच मिनिटांचा हिशेब

येथे आपला, म्हणजे डबा देणाऱ्या घराचा, संबंध येतो. डबेवाला दारात उभा आहे आणि आत भाजीला फोडणी पडते आहे, हे दृश्य कोणत्या घराने पाहिलेले नाही? “दोनच मिनिटे हं, भाऊ!” असे आपण सहज म्हणतो. परंतु एका डबेवाल्याकडे साधारण तीस घरे असतात. प्रत्येक घराने दोन मिनिटे घेतली, तर एक तास गेला. आणि एका तासात मुलुंडहून कितीतरी गाड्या निघून जातात. आपल्या एका डब्यासाठी तो थांबला, तर उरलेल्या एकोणतीस घरांची माणसे उपाशी राहतात. म्हणूनच जे घर वारंवार उशीर करते, त्याचा डबा घेणे तो अखेर बंद करतो. हा निष्ठुरपणा नाही. उरलेल्या एकोणतीस घरांना दिलेल्या शब्दाचे ते पालन आहे.

आपण आपल्या स्वयंपाकघरापुरते पाहतो, तो सबंध वाट पाहतो. प्रत्येकाने आपापले काम आपल्या सोयीने उत्तम केले म्हणजे सर्वांचे काम उत्तम होते, असे मुळीच नाही. बोरिवलीच्या गटाने घाईघाईने कशाही पाट्या भरल्या, तर त्यांचे काम लवकर उरकेल खरे. पण त्याचा भार चर्चगेटच्या भर दुपारी दुसऱ्याच्या माथी बसेल.

मेजावरचा कागद

हीच दृष्टी घेऊन कोणत्याही कचेरीत डोकवावे. एखादा अर्ज पाच मेजांवरून जातो. प्रत्येक मेजावर त्याचे काम दहा मिनिटांचे. म्हणजे एकूण पन्नास मिनिटे. तरीही उत्तर यायला पंधरा दिवस लागतात. हे पंधरा दिवस गेले कोठे? ते काम करण्यात गेले नाहीत. एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाण्याची वाट पाहण्यात गेले. अशा वेळी लिपिकाला रागावून त्याची दहा मिनिटे आठांवर आणली, तरी अर्जदाराच्या पदरात काय पडणार? कागद कोठे पडून राहतो, पुढच्याला कोणती माहिती अपुरी मिळते आणि तो कोणत्या खुणेअभावी मागे फिरतो, हे पाहिले पाहिजे.

आपल्या मंडळांच्या व देवळांच्या कारभारातही हेच आढळते. आज दर्शनाची रांग लांबली की आपण बाहेरचा मांडव वाढवतो. पण रांग चालते ती गाभाऱ्याच्या उंबरठ्याच्या गतीने. पंढरपुरास मुखदर्शनाची रांग पदस्पर्शदर्शनापासून वेगळी ठेवली आहे, त्यातील शहाणपण हेच. मांडव वाढवण्याआधी उंबरठ्यापाशी उभे राहून पाहावे.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी १९५० पासून जपानी कारखानदारांना हेच परोपरीने सांगितले, की बहुतेक दोष माणसाचे नसतात, व्यवस्थेचे असतात, आणि ती सुधारणे हे चालकांचे कर्तव्य आहे. चूक झाली की आपण प्रथम विचारतो, “कोणी केली?” वारीचा चोपदार विचारतो, “अडचण कोणती?” या दोन प्रश्नांतील अंतर मोठे आहे. पहिल्या प्रश्नाने माणसे चुका लपवू लागतात; दुसऱ्याने टाळ वाजवण्याचे धैर्य येते.

वाट ओस पडली तेव्हा

सारी वाट एकमेकांच्या आधाराने उभी असते, याचा कटू प्रत्यय २०२० साली आला. करोनाच्या साथीपूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या घरात डबे पोहोचवितात, असे सांगितले जाई. त्या मार्चमध्ये लोकल थांबली, कचेऱ्या बंद झाल्या आणि पुष्कळ डबेवाले गावी परतले. पुढे गाड्या सुरू झाल्या, तरी अनेक कचेऱ्यांचे काम घरूनच चालू राहिले आणि डब्यांची संख्या पूर्ववत झाली नाही. ज्या इमारतीत वीस डबे जात, तेथे पाचच जाऊ लागले, तरी जिने तेवढेच चढावे लागतात, गाडीचा पास तेवढाच पडतो आणि माणूस तेवढाच लागतो. शिस्त तीच, खुणा त्याच, हात तेच. परंतु दोन्ही टोकांची घरे आणि कचेऱ्या कमी झाल्या की मधली वाट कितीही निष्ठेने सांभाळली तरी पोटाला पुरत नाही. व्यवस्था केवळ राबणाऱ्यांची नसते. तिचा लाभ घेणारेही तिचा भाग असतात.

वारीचेही असेच आहे. वाटेवरच्या गावांनी भाकरी-पाण्याची सोय केली नाही, तर पालखी पंढरीस पोहोचेल कशी? तिला दारात उभे राहून पाण्याचा तांब्या देणारी माउलीही वारीतच असते.

उद्या द्वादशी. देवाला नैवेद्य दाखवून पारणे होईल आणि ज्या घरांतून अजूनही डबा जातो, तेथे सकाळी पुन्हा धांदल उडेल. आजच्या एकादशीचा एक छोटासा नेम आपण करू शकतो. डबेवाल्याने दार वाजवण्यापूर्वी पाच मिनिटे डबा भरून उंबरठ्याशी ठेवावा. पुढच्या एकोणतीस घरांपर्यंत तो नेम आपोआप पोहोचेल.