जुन्नर: दोन दिवस, आपली गाडी

लेणी, किल्ला आणि घाटमाथा, तिन्ही एकाच फेरीत हवी असतील तर थेट जुन्नर गाठा. पुण्याहून नारायणगावमार्गे साधारण 95 किलोमीटर.

पहिल्या दिवशी सकाळी शिवनेरी, सात दरवाजांच्या पायऱ्यांच्या वाटेने. लहान मुलं, आजी-आजोबा सोबत असतील तर साखळीची वाट नकोच. 1630 साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला ती जागा गडावरच आहे. उन्हं उतरल्यावर लेण्याद्री. गिरिजात्मज गणपतीचं दर्शन झालं की शेजारचा चैत्य चुकवू नका. बहुतेक लोक तसेच खाली उतरतात, याची हळहळ वाटते.

दुसरा दिवस पूर्ण नाणेघाटाला द्या. जुन्नरलाच टाकी भरून निघा. वाटेत चावंड किल्ला दिसतो, पूरला कुकडेश्वराचं कोरीव मंदिर लागतं. घाटातल्या गुहेत भिंतभर ब्राह्मी लेख आहे: सातवाहन राणी नागनिकेच्या काळातले यज्ञ आणि दानात दिलेल्या गाईंचे आकडे. हे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी एक! वर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. समोर जीवधन किल्ला, खाली कोकण.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. भर पावसात धुक्यामुळे रस्ता दिसत नाही.